अण्णांचं काडेचिराईत: भूक आली आणि शुगर ५२ वर गेली

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशीन बंद पडलं की व्हाय-व्हाय करतात, म्हणजे का बंद पडलं, मग ते का झालं, मग ते तरी का, असं विचारत विचारत मुळापर्यंत जायचं आणि सगळं तारीखवार कागदावर मांडायचं. घरी अण्णांच्या बाबतीत हे करायला उशीर झाला. आता सगळं हातात आहे, शुगरच्या नोंदी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, म्हणून पूर्ण प्रकरण लिहून काढतोय, कारण काडेचिराईत, म्हणजे भूक लागावी म्हणून भिजवून पाणी प्यायची ती कडू काडी, आपल्याकडे घरोघरी आहे आणि डायबेटिसच्या गोळ्याही घरोघरी आहेत.

पेशंट

अण्णा, वय ७१, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर, राहायला आम्ही सगळे इंदिरानगरला. डायबेटिस १४ वर्षांपासून. दारू, तंबाखू काही नाही, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या, जेवण दोन वेळचं साधं. गोळ्या मेटफॉर्मिन ५०० सकाळ संध्याकाळ आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी. वजन ७४ किलो.

आषाढात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, केली ती ८.६ आली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० ची १००० केली, दोन्ही वेळा, आणि ग्लिमेपिराइड १ ची २. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन करून आणा म्हणून लिहून दिलं होतं. ती टेस्ट आमच्याकडून राहिली. पाऊस होता, मग मुलीची परीक्षा होती, मग गणपती झाल्यावर करू असं ठरलं. ही चिठ्ठी देवघराच्या ड्रॉवरमध्ये तशीच सापडली नंतर.

तक्रार

गोळ्या वाढवल्यावर आठ-दहा दिवसांत अण्णांचं तोंड बिघडलं. म्हणायचे, लोखंड चाटल्यासारखी चव येते, कशाला चवच नाही. पोट डब्ब, करपट ढेकरा, आणि चहा घेतला की लगेच संडासला पळायचं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ. आईने भाकरी केली तर अर्धी ठेवून द्यायचे. आम्ही काय म्हणलं, पावसाळा आहे, नळाला गढूळ पाणी येतंय, श्रावणाचे उपवास आहेत, वय झालंय. पाणी उकळायला सुरुवात केली, काही फरक नाही, आणि बाकीच्या आम्हा चौघांची पोटं व्यवस्थित होती, हे लक्षात यायला हवं होतं, एकाच नळाचं पाणी पाच जण पितात आणि एकाचंच पोट बिघडतं तर कारण पाण्यात नसतं.

गोळ्या वाढल्या ती तारीख आणि पोट बिघडलं ती तारीख शेजारी शेजारी ठेवून कोणीच पाहिली नाही. खरं तर मेटफॉर्मिनने मळमळ, गॅस, पातळ संडास, भूक जाणं, तोंडाला धातूसारखी चव येणं हे बऱ्याच जणांना होतं, डोस एकदम वाढवला की जास्त होतं, हे काही गुपित नाही, पाकिटातल्या कागदावर सुद्धा छापलेलं असतं.

कडू पाणी

राखीपौर्णिमेला आत्या आली पंचवटीतून. अण्णांनी पुरणपोळीचा एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं तसं ती म्हणाली, "अरे दादाला काडेचिराईत दे रोज अनशापोटी, आमच्या सासूबाई आश्विन लागला की सगळ्यांना पाजायच्या, भूक अशी लागते बघ." दुसऱ्याच दिवशी ती रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुडा घेऊन आली. तपकिरी-जांभळट बारीक काड्या, वास फारसा नाही, जिभेला लावलं तर अर्धा तास तोंड कडू.

पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत असलेलीच. रात्री काड्या कुटून पेल्यात भिजत घालायच्या, सकाळी गाळून प्यायचं. किती काड्या? आत्याने चिमूट दाखवली. आईने अंदाजे घातल्या. महिन्याभराने मी स्वतः वजनकाट्यावर ठेवून पाहिलं तर ती "चिमूट" ९ ग्रॅमची झाली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, कारण काढ्याला सरळ वाईट ठरवणारे लोक ही सोडून देतात. पहिल्या दहा-बारा दिवसांत अण्णांना फरक पडला. तोंडाची ती चव कमी झाली, करपट ढेकरा कमी झाल्या, दुपारी एक वाजता स्वतःहून स्वयंपाकघरात येऊन "झालं का गं" असं विचारायला लागले. आईला एवढा आनंद झाला होता की तिने आत्याला फोन करून सांगितलं. आणि यात जादू नाही. कडू चव जिभेला लागली की तोंडाला पाणी सुटतं, मेंदूकडून पोटाला निरोप जातो, जठरातला पाचक रस वाढतो. कडू ओळखणारे रिसेप्टर जिभेवर असतात तसे आतड्यातही असतात. चिराईतात अमरोजेंटिन नावाचं द्रव्य आहे, निसर्गात सापडणाऱ्या सगळ्यात कडू पदार्थांत ते मोजतात, कोट्यवधी पट पाण्यात मिसळलं तरी जिभेला कळतं. युरोपात जेन्शियनची मुळी जेवणाआधी घ्यायची जुनी रीत आहे, तिच्यातही हेच द्रव्य, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. आणि आपल्याकडे चरकसंहितेत कडू रसाबद्दल म्हणलंय की तो स्वतः रुचकर नाही पण अरुची घालवतो. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला ओवा, हिंग, जिरं, गूळ घालून खातो त्यात तरी दुसरं काय आहे.

पण संडास थांबली नाही. दिवसाला चारची तीन झाली एवढंच. अण्णांनी त्याचा अर्थ लावला की औषध कमी पडतंय. गणपती उठल्यावर त्यांनी सकाळसोबत संध्याकाळीही पेला सुरू केला, आम्हाला न सांगता.

पुडा संपला तेव्हा आत्याने गोदाघाटावर बुधवारच्या बाजारातून दुसरा आणला, स्वस्तात मिळाला म्हणून. हा हिरवट होता, काडीपेक्षा पालाच जास्त. विकणाऱ्याने सांगितलं, त्र्यंबकच्या डोंगरातलं ताजं चिराईत आहे. कडू तेवढंच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

आकडे

अण्णा दर रविवारी सकाळी उपाशीपोटी ग्लुकोमीटरवर शुगर बघतात आणि कॅलेंडरवर लिहितात. राखीपासूनचे सहा रविवार असे आहेत: १६४, १५१, १३२, ११७, ९८, ८४.

हे आम्ही रोज येताजाता भिंतीवर बघत होतो, आणि खूश होतो. अण्णा शेजाऱ्यांना सांगत होते की चिराईताने शुगर पण उतरली. १४ वर्षं डायबेटिस असलेल्या, मन लावून न जेवणाऱ्या, रोज तीन वेळा पातळ संडास होणाऱ्या ७१ वर्षांच्या माणसाची शुगर दर आठवड्याला दहा-वीसने खाली येतेय आणि थांबत नाहीये. कंपनीत हायड्रॉलिक प्रेशरचं रीडिंग असं सलग सहा आठवडे खाली जाताना दिसलं असतं तर मी तिसऱ्या आठवड्यात मशीन उघडलं असतं. वजन तोपर्यंत ७४ चं ६९.५ झालं होतं, तेही पायजम्याची नाडी आवळावी लागते यावरून कळलं.

घटस्थापना

अण्णा नवरात्रात उठता-बसता उपवास करतात. पहाटे साडेपाचला पेला, आठ वाजता दोन घास भगर आणि नेहमीच्या गोळ्या, पूर्ण. साडेदहाला आई, अण्णा आणि मी कालिकेच्या दर्शनाला जुन्या आग्रा रोडवर रांगेत. ऊन चांगलंच होतं. सव्वाअकराच्या सुमारास अण्णांच्या शर्टाची पाठ भिजली, मला वाटलं उन्हाने. मग ते आईवर चिडायला लागले, मला घरी न्या, इथे कशाला आणलं, असं दोन-तीनदा, आणि त्यांचा स्वभाव चिडका नाही. हात धरला तर थंडगार, थरथरत होता. मी पाणी पाजायला लागलो. मागे उभ्या असलेल्या एक ताई म्हणाल्या, "काकांना शुगर आहे का? आधी गोड द्या, पाणी नंतर." समोर यात्रेतलं साखरफुटाण्यांचं दुकान होतं, मूठभर त्यांच्या तोंडात घातले, चघळत होते, गिळत होते म्हणून घातले, शुद्ध नसती तर तोंडात काही घालायचं नसतं. मग चार चमचे साखर घालून चहा. जवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा गोड पोटात जाऊन पाच-सात मिनिटं झाली होती तरी मशीनवर ५२.

७० च्या खाली गेली की ती कमी शुगर. दवाखान्यातून पुढे हॉस्पिटलला पाठवलं, रात्रभर ठेवून घेतलं. मला वाटलं होतं साखर दिली, चढली, संपलं. पण ग्लिमेपिराइड जेवला की नाही ते बघत नाही, पॅनक्रियाजला इन्सुलिन सोडायला लावत राहतं, तासन् तास, आणि किडनी सुस्त असली तर अजून लांबतं. संध्याकाळी सहाला परत ६६ झाली. घरी नेलं असतं तर ती झोपेत झाली असती.

डॉक्टरांनी विचारलं, "याशिवाय अजून काही औषध चालू आहे का?" अण्णा म्हणाले, "नाही." खोटं बोलावं म्हणून नाही बोलले. त्यांच्या लेखी चिराईत हे औषध नव्हतंच, ते कडू पाणी होतं. आई पण गप्प, तिला वाटलं डॉक्टर ओरडतील. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्यांनी किती, कधीपासून, कोणत्या वेळी, असं नीट लिहून घेतलं आणि केसपेपरवर लाल पेनाने नोंद केली. क्रिएटिनिन १.५ आलं, म्हणजे जास्त.

का, का, का

शुगर का पडली? कारण गोळीचा जोर पूर्ण होता आणि पोटात अन्न नव्हतं. हे तर कोणीही सांगेल. उपवास निमित्त झाला, पण उपवास ते दरवर्षी करतात. यंदा वेगळं काय, तर ग्लिमेपिराइड दुप्पट, संडासने शरीरातलं पाणी गेलेलं, त्याने किडनीवर ताण, किडनी सुस्त म्हणून गोळी जास्त वेळ टिकणारी, आणि वरून चिराईत. चिराईताने शुगर उतरते हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे, स्वर्चिरीन नावाचा घटक त्यातून वेगळाही काढलाय. माणसांवर मोठ्या चाचण्या नाहीत, त्यामुळे अण्णांच्या ५२ मध्ये चिराईताचा वाटा किती आणि गोळीचा किती हे वेगळं काढता येत नाही, डॉक्टरांनीही काढलं नाही. पण ज्या माणसाची गोळी आधीच शुगर खाली ओढतेय त्याला त्याच दिशेला ओढणारं दुसरं काही दिवसातून दोनदा, न मोजता द्यायचं नाही एवढं कळायला चाचणी लागत नाही.

दुसरा का जास्त महत्त्वाचा आहे. चिराईत का सुरू केलं? भूक गेली म्हणून. भूक का गेली? हा प्रश्न सहा आठवडे कोणीच विचारला नाही. भूक कशी आणायची तेवढंच बघितलं. आणि चिराईताने थोडा आराम पडला म्हणून डॉक्टरांकडे जाणं अजून लांबलं. थोडंसं लागू पडलेलं औषध घातक ठरू शकतं ते असं. अजिबात लागू पडलं नसतं तर आम्ही दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात गेलो असतो आणि कारण गोळीचा वाढवलेला डोस आहे हे तिथंच निघालं असतं.

वैद्यबाई

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन परत ५०० वर आणली, ती पण एसआर, म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी, पोटाला सोसते, आणि जेवणाच्या शेवटच्या घासाबरोबर घ्यायला सांगितली. ग्लिमेपिराइड बंद. चिराईत बंद. सातव्या दिवशी संडास बांधून व्हायला लागली. एकदाच, सकाळी. अण्णा दोन महिन्यांनी पहिल्यांदा चहा पिऊन खुर्चीत बसून राहिले.

तरीही मी दोन्ही पुडे घेऊन पंचवटीत एका वैद्यबाईंकडे गेलो, कारण मला जाणून घ्यायचं होतं की आपण नेमकं पाजलं काय. त्यांनी कागदावर दोन्ही पसरले. पहिला खरा काडेचिराईत. काडी मोडून दाखवली, आत सलग पिवळसर गर, खाली काडी गोल आणि वर शेंड्याकडे चौकोनी. म्हणाल्या, हा त्र्यंबकला उगवत नाही, हिमालयातला आहे, काश्मीर ते भूतान, १२०० ते ३००० मीटर उंचीवर, आपल्याकडे बराचसा नेपाळातून येतो, तोडून तोडून कमी झालाय म्हणून महाग आहे आणि महाग आहे म्हणून त्यात भेसळ आहे. दुसरा पुडा पालेकिराईत, म्हणजे कालमेघ. तोही कडू, तोही पोटाच्या आणि यकृताच्या तक्रारीत वापरतात, पण झाड वेगळं, कूळसुद्धा वेगळं, ते अडुळशाच्या कुळातलं. आम्ही चार आठवडे एक आणि दोन आठवडे दुसरं पाजलं आणि दोन्हीला एकच नाव देत होतो.

मात्रा त्यांनी सांगितली ती अशी: चूर्ण घ्यायचं तर १ ते ३ ग्रॅम, आणि तेही माणूस बघून. फांट, म्हणजे गरम पाण्यात मुरवून गाळलेलं, किंवा भिजवलेलं पाणी घ्यायचं तर दोन-तीन ग्रॅमपासून सुरुवात, जेवणाआधी अर्धा तास, आठ ते पंधरा दिवस, मग थांबायचं आणि बघायचं. कॅप्सूलमध्ये भरून घेणाऱ्यांबद्दल म्हणाल्या, जिभेला कडू लागलं पाहिजे, निम्मं काम तिथंच होतं. ताप येऊन गेल्यावर भूक मेलेली असते, तोंडाला चव नसते, जेवल्यावर पोट जड राहतं, अशा ठिकाणी हे फार चांगलं औषध आहे असं त्यांनी ठामपणे सांगितलं, आणि मला ते पटतं, मी अण्णांच्या पहिल्या दहा दिवसांत डोळ्याने पाहिलंय. पण पोटात जळजळ, अल्सर असेल तर नको, कारण पाचक रस वाढवणारं औषध आहे. गरोदर बाईला नको. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको. आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाची भूक दोन आठवड्यांपेक्षा जास्त गेली, वजन उतरलं, संडास काळी झाली किंवा रक्त दिसलं, घास अडकायला लागला, तर कुठलंही कडू-गोड न देता आधी तपासणी.

अजून एक बोलल्या ते माझ्या डोक्यात बसलंय. म्हणाल्या, चरकात कडू रसाचा गुण ज्या ठिकाणी सांगितलाय तिथेच पुढे जास्त घेतला तर काय होतं तेही सांगितलंय, शरीर कोरडं पडतं, बारीक होतं, ताकद जाते, चक्कर येते, तोंड सुकतं. अण्णांचं साडेचार किलो वजन गेलं होतं आणि तोंड रात्रभर सुकायचं. आम्ही पहिलं वाक्य पिढ्यान् पिढ्या पाठ ठेवलं, दुसरं घरात कोणी सांगितलंच नाही.

मी विचारलं, आता बरे झालेत तर थोडं परत सुरू करायचं का भुकेसाठी? त्या म्हणाल्या, "भूक लागतेय ना त्यांना आपली आपण? मग कशाला."

म्हसरूळला आपलं आरोग्य विद्यापीठ आहे, १९९८ पासून, एमबीबीएस आणि बीएएमएस दोन्ही डिग्र्या त्याच विद्यापीठाच्या. एकाच छपराखालून निघालेले हे दोन डॉक्टर एकाच पेशंटबद्दल एकमेकांशी कधीच बोलत नाहीत, मधला निरोप्या पेशंटच, आणि पेशंट तर म्हणतो की ते पाणी आहे. मी दोघांना एकमेकांची चिठ्ठी नेऊन दाखवली. डॉक्टरांनी वैद्यबाईंचा कागद पूर्ण वाचला, फोटो काढून ठेवला. मला फार बरं वाटलं.

आत्ता

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४, क्रिएटिनिन १.२, वजन ७२. डॉक्टर म्हणाले या वयात शुगर एवढी पुरे, अजून खाली ओढायची नाही. बी-१२ पण तपासलं, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ते कमी होतं, त्यांचं कमीच निघालं, त्याची वेगळी गोळी चालू आहे.

कॅलेंडरवर आता शुगरच्या शेजारी दोन रकाने जास्त आखलेत, एक वजनाचा आणि एक "नवीन काय सुरू केलं" याचा. त्यात ओव्याचा अर्कसुद्धा लिहायचा, डोकेदुखीची गोळीसुद्धा. अण्णांनी स्वतः पट्टी घेऊन आखलेत. आत्याला वाईट वाटलं होतं, दोन आठवडे आलीच नाही, मग मीच पंचवटीत जाऊन तिला घेऊन आलो आणि सांगितलं की तुझं औषध खोटं नव्हतं. खऱ्या चिराईताचा उरलेला पुडा आईने बरणीत ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवली आहे: काडेचिराईत, ३ ग्रॅम, अण्णांना नाही.